कुएर्नावाका-टास्को एका दिवसात: वसईच्या अंकलनी मोडलेला तयार प्लॅन

मेक्सिको सिटीहून कुएर्नावाका आणि टास्को ही गाइडसोबतची डे ट्रिप जवळजवळ प्रत्येक टूरवाल्याकडे मिळते आणि सगळ्यांचा साचा थोड्याफार फरकाने एकच असतो. सकाळी सातला हॉटेलवरून उचलतात, वाटेत घाटमाथ्यावर नाश्ता, कुएर्नावाकात जेमतेम तासभर, मग टास्कोत आधी चांदीचं दुकान, मग त्यांच्याच ओळखीच्या हॉटेलात जेवण, मग सान्ता प्रिस्का चर्च पंधरा-वीस मिनिटं, थोडा मोकळा वेळ आणि रात्री आठ-साडेआठला परत. आम्ही हा साचा मोडला. कसा, कशासाठी आणि त्यात काय हातचं गेलं ते लिहितेय, कारण ह्यूस्टन-डॅलसकडचे बरेच मराठी लोक आई-वडील आले की मेक्सिको करतात (अमेरिकेचा चालू व्हिसा असला की भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, त्यामुळे ते सोपं पडतं) आणि सगळे हीच ट्रिप घेतात.

आम्ही सात जण होतो. मी, नवरा, माझ्या सासूबाई म्हणजे आई, माझी मैत्रीण आणि तिचा नवरा, आणि तिचे वसईहून आलेले आईवडील, ज्यांना आम्ही सगळे अंकल-आंटीच म्हणतो. आई पक्क्या शाकाहारी आणि गुडघे दुखणाऱ्या. नवऱ्याला मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराची भित्तिचित्रं बघायची होती, मैत्रिणीला चांदी, आणि अंकलना एकच गोष्ट: कुएर्नावाकाच्या कॅथेड्रलमधली नागासाकीची भिंत.

आता ही भिंत काय भानगड आहे ते आधी सांगावं लागेल, कारण सगळं प्रकरण तिच्यावर उभं आहे. 5 फेब्रुवारी 1597 ला जपानमध्ये नागासाकीला 26 ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढवून मारलं, हुकूम तिथला तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याचा. त्यातले बहुतेक जपानी, पण सहा जण बाहेरून आलेले फ्रान्सिस्कन (ख्रिस्ती साधूंचा एक संघ) होते, आणि त्या सहांत एक मेक्सिको सिटीत जन्मलेला फेलिपे दे हेसुस आणि एक आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया. गोन्सालोचे वडील पोर्तुगीज, आई वसईकडचीच, वाढला जेझुइट या दुसऱ्या संघाच्या लोकांच्या हाताखाली, जपानला गेला, तिथे व्यापार केला, भाषा शिकला, नंतर मनिलाला फ्रान्सिस्कन झाला आणि 1593 मध्ये दुभाषा म्हणून परत जपानला गेला. फेलिपेची गोष्ट वेगळीच, तो मनिलाहून घरी मेक्सिकोला निघाला होता, जहाज 1596 मध्ये वादळात जपानच्या किनाऱ्याला लागलं आणि सापडला. दोघं 1862 मध्ये एकाच दिवशी संत झाले. भारतात जन्मलेला पहिला संत गोन्सालो, मेक्सिकोचा पहिला संत फेलिपे. वसईत गोन्सालोच्या नावाचं कॉलेज आहे, तिथल्या ख्रिस्ती घरांतल्या लहान पोरांनाही त्याचं नाव माहीत असतं. आणि या 26 जणांची कथा कुएर्नावाकाच्या कॅथेड्रलमध्ये आतल्या लांब भिंतींवर रंगवलेली आहे, सतराव्या शतकातली. पुढे ती चुन्याखाली आणि वेद्यांमागे झाकली गेली आणि विसाव्या शतकात बिशप मेंदेस आर्सेओ यांच्या काळात चर्चची डागडुजी चालू असताना परत सापडली.

तर अंकलना घरून निघतानाच हे माहीत होतं. टूरवाल्याला माहीत नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर आलं की कॅथेड्रल प्लॅनमध्ये "समाविष्ट" आहे. खोदून विचारल्यावर कळलं की समाविष्ट म्हणजे बाहेरच्या अंगणात फोटो आणि आत डोकावणं, मिळून वीस मिनिटं. वेळ वाढवा म्हटलं तर म्हणे टास्कोत उशीर होईल. मग टास्कोतलं चांदीचं दुकान कमी करा म्हटलं, तर तिथे गाडी अडली. ते होणार नाही म्हणे.

यात टूरवाल्याला शिव्या घालण्यासारखं खरं तर काही नाही. स्वस्त डे ट्रिप स्वस्त का असते याचं उत्तर दुकानात असतं. टास्कोत गाइड गिऱ्हाईक घेऊन आला की विक्रीवर कमिशन मिळतं हे तिथलं उघड गुपित आहे, आणि ट्रिपचा दर ते धरूनच लावलेला असतो. म्हणजे आपण तिकिटात थोडे पैसे देतो आणि उरलेले आपल्या वेळेतून वसूल होतात. मैत्रिणीच्या नवऱ्याने सरळ विचारलं की दुकान काढून टाकलं तर किती द्यायचे, आणि आकडा आला. माणशी दर जवळजवळ दीडपट झाला. सात जणांत वाटल्यावर तो अंगावर येण्यासारखा नव्हता, पण चौघांच्या कुटुंबाला नक्की लागेल. त्या बदल्यात व्हॅन फक्त आमची, आणि गाइड सेक्तुरच्या म्हणजे तिथल्या पर्यटन खात्याच्या ओळखपत्रवाली. हे ओळखपत्र गळ्यात आहे का ते जरूर बघा, कारण रस्त्यावर "गाइड, गाइड" करत येणारे पुष्कळ असतात.

आम्हाला रविवार हवा होता, सगळ्यांना सोयीचा म्हणून. गाइडबाईंनी फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, रविवार नको, गुरुवार करा. कारण ऐकल्यावर पटलं. रविवारी कॅथेड्रलमध्ये एकामागून एक मिस्सा म्हणजे प्रार्थनाविधी असतात, त्यात मारियाची (मेक्सिकन वाद्यवृंद) वाजवून होणारी मिस्सा तर प्रसिद्धच आहे, ऐकायला छान, पण मिस्सा चालू असताना पर्यटकांनी भिंती बघत फिरायचं नसतं. दुसरं म्हणजे रविवारी संध्याकाळी अख्खी मेक्सिको सिटी वीकएंड संपवून कुएर्नावाकाहून परत येत असते आणि त्लाल्पानच्या टोलनाक्यावर गाड्यांची रांग लागते, आपला खालापूर रविवारी रात्री कसा असतो तसंच. सोमवारी सरकारी म्युझियम बंद. शनिवारी लग्नं. उरला मधला आठवडा, आणि त्यात गुरुवारच का, तर म्हणे टास्को ज्या गेरेरो राज्यात आहे तिथे गुरुवार हा पोसोलेचा, म्हणजे मक्याच्या दाण्यांच्या रश्श्याचा वार. हे जेवणाचं कारण आम्हाला तेव्हा चेष्टा वाटली.

मेक्सिको सिटी 2240 मीटरवर आहे. तिथून दक्षिणेला निघालं की हायवे आधी वर चढतो, त्रेस मारीआस गावाच्या आसपास साधारण तीन हजार मीटरपर्यंत, आणि मग सरळ कुएर्नावाकाला दीड हजारावर उतरतो. म्हणजे सकाळी स्वेटर, कानटोपी, आणि दोन तासांत घाम. त्रेस मारीआसला रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर निळ्या मक्याच्या केसादिया मिळतात, भोपळ्याच्या फुलांच्या, मशरूमच्या, आणि वित्लाकोचे म्हणजे कणसावर येणाऱ्या काळ्या बुरशीच्या. आईंनी भोपळ्याच्या फुलांची घेतली आणि दुसरी मागवली. बुरशीचं काय आहे ते आम्ही त्यांना सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. शाकाहारी लोकांसाठी एक महत्त्वाचं: मेक्सिकोत घोटलेल्या राजम्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते, त्यामुळे "सिन मान्तेका" एवढे दोन शब्द पाठ करून ठेवा, म्हणजे चरबी नको.

कुएर्नावाकाचं कॅथेड्रल बाहेरून चर्च कमी आणि किल्ला जास्त दिसतं. जाड भिंती, वर कंगोरे, उघडं अंगण, आणि त्या अंगणाकडे तोंड करून कमानींची एक उघडी चॅपेल, जिच्यात फादर उभे राहायचे आणि नव्याने बाप्तिस्मा घेतलेले हजारो स्थानिक लोक बाहेर आभाळाखाली. फ्रान्सिस्कन लोकांनी 1520 च्या दशकात हा मठ सुरू केला, म्हणजे स्पॅनिश आल्यानंतर लगेचच, आणि पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीच्या उतारावरच्या अशा मठांचा मिळून 1994 ला युनेस्कोच्या यादीत समावेश झाला. सप्टेंबर 2017 च्या 7.1 च्या भूकंपात याही इमारतीला मार बसला.

आत गेलं की धक्का बसतो, कारण मेक्सिकन चर्च म्हणजे सोन्याने मढलेलं असं डोक्यात असतं आणि इथे आत अगदी मोकळं, साधं, नवीन पद्धतीचं. आणि दोन्ही बाजूंना भिंतीवर उंचावर ती चित्रं, फिकट झालेली, मधेमधे तुकडे गेलेले. बैलगाड्यांतून नेलेले कैदी (क्योतोला त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून गावोगाव धिंड काढली आणि भर थंडीत नागासाकीपर्यंत नेलं), मग होड्या, पाण्यात मोठाले मासे, मग भाले घेतलेले सैनिक आणि क्रूस. वर स्पॅनिशमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलंय की सम्राट तायकोसामाने यांना मारण्याचा हुकूम दिला. तायकोसामा म्हणजे हिदेयोशी. ज्याने हे काढलं त्याने बहुधा जपान बघितलेला नसावा, असं मला ते मासे बघून वाटलं, पण ते असो.

गाइडबाईंनी इथे नेहमीची माहिती सुरू केली, फेलिपे दे हेसुस, मेक्सिकोचा पहिला संत, लहानपणी एवढा व्रात्य की घरातली दाई म्हणायची हा संत होईल तेव्हा अंगणातलं वाळलेलं अंजिराचं झाड हिरवं होईल, आणि तो नागासाकीला मेला त्या दिवशी झाडाला पालवी फुटली. दंतकथा आहे पण मेक्सिकोत प्रत्येकाला माहीत असते. अंकलनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, यात गोन्सालो कुठला? गाइडबाईंना तो माहीत नव्हता. म्हणजे 26 जण माहीत, नावं ऐकलेली, पण त्यातला एक भारतातला हे नवीन. मग उलटं झालं, पुढचा अर्धा तास अंकल सांगत होते आणि मैत्रीण इंग्लिशमध्ये भाषांतर करत होती आणि गाइडबाई वहीत लिहून घेत होत्या. चित्रातला नेमका गोन्सालो कोणता ते त्यांना दाखवता आलं नाही, अंकलनी एका माणसावर बोट ठेवून "हा असणार" असं ठरवून टाकलं. गाइडबाईंनी बदल्यात जे सांगितलं ते मला जास्त आवडलं: ही चित्रं जपानपासून इतक्या लांब या गावातच का? तर अकापुल्को बंदरातून मनिलाला जहाजं जायची, 1565 पासून 1815 पर्यंत, आणि मेक्सिको सिटीहून अकापुल्कोला जाणारा रस्ता कुएर्नावाकातून. आशियाला निघालेले फ्रान्सिस्कन याच मठात मुक्काम करायचे. पुढे आपलं काय होऊ शकतं ते भिंतीवर बघूनच निघायचे म्हणा ना.

आंटी काही न बोलता बाकावर बसून राहिल्या. बाहेर आल्यावर अंकल म्हणाले, "आमच्या किल्ल्यात पण फ्रान्सिस्कनांचं चर्च आहे, पण वर छप्पर नाय, आत झाडं. इथे लोक अजून मिस्साला बसतात." 1739 ला चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यानंतर किल्ल्यातली वस्ती हळूहळू संपली हे आपण शाळेत विजय म्हणून शिकतो, त्यांच्या घरात ते जरा वेगळं सांगितलं जात असणार. मी विचारलं नाही.

या सगळ्यात सव्वा तासाहून जास्त गेला आणि आता पेच असा की रिवेरा उरला होता. मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश कोर्तेसचा वाडा कॅथेड्रलपासून चालत काही मिनिटांवर आहे, 1520 च्या दशकात त्लाउइका लोकांच्या जुन्या सत्तास्थानावर बांधलेला, आणि त्यात रिवेराने 1929-30 मध्ये काढलेली चित्रं, पैसे दिले अमेरिकेच्या तिथल्या राजदूताने, आणि चित्रांत काय तर स्पॅनिशांनी केलेली कत्तल, उसाच्या मळ्यात राबणारे लोक आणि शेवटी पांढऱ्या घोड्याजवळ उभा शेतकऱ्यांचा क्रांतिकारक नेता सापाता. गाइड एक, ग्रुप दोन तुकड्यांत. नवरा आणि मैत्रिणीचा नवरा अर्ध्या तासासाठी पळत गेले आणि गाइडशिवाय बघून आले. नवऱ्याचं म्हणणं आजही आहे की जे चित्र समजावून सांगायला माणूस हवा होता तिथेच माणूस नव्हता. त्याचं बरोबर आहे. आधीच दोन गट पडणार हे दिसत होतं, तर गाइडला त्या चित्रांवरची दहा मिनिटं व्हॅनमध्येच बोलायला सांगता आली असती. बोर्दाची बाग मात्र सगळ्यांचीच राहिली, जिथे पुढे सम्राट मॅक्सिमिलियन येऊन राहायचा.

टास्को गेरेरो राज्यात आहे, आणि अमेरिकेच्या सरकारी प्रवास सल्ल्यात गेरेरो सगळ्यात वरच्या धोक्याच्या पातळीवर असतं. याचा अर्थ तिथे पर्यटक जात नाहीत असा नाही, रोज जातात, पण इन्शुरन्सवाल्याला आधी विचारा, कारण काही पॉलिसी अशा ठिकाणी चालत नाहीत. आणि अंधार पडल्यावर गेरेरोतल्या रस्त्यावर राहायचं नाही हा गाइडबाईंचा नियम होता, त्यामुळे साडेपाचला निघायचंच होतं.

गाव डोंगराच्या उतारावर, पांढऱ्या भिंती, लाल कौलं, गल्ल्या एवढ्या अरुंद आणि चढाच्या की मोठी व्हॅन खालच्या रस्त्यावरच थांबते. वर जायला पांढऱ्या जुन्या फोक्सवॅगन बीटल टॅक्स्या. आमच्या टॅक्सीत पुढची बाजूची सीटच काढून टाकलेली, त्यामुळे गुडघेवाल्या माणसाला सरळ आत शिरून मागे बसता येतं. आईंना पूर्ण ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त काय आवडलं तर ही टॅक्सी.

जेवायला गुरुवारचा पोसोले. मक्याचे मोठे दाणे चुन्याच्या पाण्यात उकडून साल काढलेले, डुकराच्या मटणाच्या रश्श्यात, गेरेरोत हिरवा जास्त, भोपळ्याच्या बिया वाटून केलेला, वरून कांदा, लिंबू, ओरेगानो, अवोकाडो, सोबत कडक तोस्तादा. गुरुवारी सगळं गाव हेच खातं, त्यामुळे ताजं आणि गर्दीतलं. अंकल-आंटी खूश. आईंना चीज आणि काकडी-टोमॅटो, आणि त्यांनी तोंड वाकडं केलं ते रास्तच होतं.

सान्ता प्रिस्काला दुकान काढून टाकल्यामुळे तास मिळाला आणि तो लागतोच. खाणमालक होसे दे ला बोर्दाने स्वतःच्या पैशाने बांधलेलं हे चर्च, 1751 ते 1758. एवढ्या कमी वर्षांत पूर्ण झालं हाच त्याचा विशेष, कारण मोठी चर्चं शंभर वर्षं रखडतात आणि दर पिढीची फॅशन त्यात मिसळते, इथे बाहेरची गुलाबी दगडाची नक्षी आणि आतल्या सोनेरी वेद्या सगळं एका हाताचं, एका काळाचं. चित्रं मिगेल काब्रेराची. मुलगा फादर, त्याच्यासाठी बापाने चर्च बांधलं. देव बोर्दाला देतो, बोर्दा देवाला देतो, अशी म्हणच आहे तिथे. मैत्रिणीने विचारलं की खाणीत उतरत कोण होतं, तर गाइडबाईंनी लपवलं नाही, स्थानिक लोकांना आळीपाळीने सक्तीने कामाला लावायची पद्धत सांगितली. पण हे विचारल्यावर सांगितलं. न विचारता बोर्दाच्या दानशूरपणाचीच कथा चालली असती.

मग चांदी. दुकान प्लॅनमधून काढलं म्हणजे खरेदी झालीच नाही असं नाही, ती आमच्या वेळेला आणि आमच्या पसंतीच्या गल्लीत झाली. इथे एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते: आज टास्को चांदीच्या दागिन्यांसाठी ओळखलं जातं ते बोर्दामुळे नाही, ते विल्यम स्प्रॅटलिंग या अमेरिकन माणसामुळे, जो 1929 ला तिथे येऊन राहिला आणि 1931 मध्ये कारखाना काढून इगुआलाहून सोनार आणवले. म्हणजे खाणी जवळजवळ पाचशे वर्षांच्या, पण दागिन्यांचा धंदा शंभराच्याही आतला. खरेदी करताना 925 चा शिक्का आणि त्याशेजारी कारागिराची नोंदणीची अक्षरं बघायची. "अल्पाका" लिहिलेलं असेल तर ते आपलं जर्मन सिल्व्हर, त्यात चांदी नसते. आईंनी कानातल्यांच्या मागचा शिक्का चष्मा काढून, डोळ्याजवळ धरून तपासला, दोन दुकानांत नाकारलं आणि तिसऱ्यात घेतलं. वर मला म्हणाल्या, "त्यांच्या दुकानात नेलं असतं तर बसायला खुर्ची तरी मिळाली असती." हे पण खरं आहे. कमिशनवाल्या दुकानात एसी, बाथरूम, पाणी, बसायला जागा असते, आणि म्हाताऱ्या माणसांना दुपारी तीनला त्याची गरज असते. आम्ही ते काढून टाकलं आणि त्याच्या जागी बसायची सोय ठरवलीच नव्हती, ती गाइडबाईंनी चौकातल्या एका कॅफेत ऐनवेळी केली.

परतीला घाटमाथ्यावर धुकं होतं, साडेआठला हॉटेलवर. सगळ्यांना विचारलं तर मतं फुटली. अंकल-आंटी म्हणतात पैसे वसूल. मैत्रीण म्हणते चांदीला वेळ कमी पडला. नवरा म्हणतो टास्कोला रात्री राहायला हवं होतं, संध्याकाळी दिवे लागल्यावर ते गाव बघायचं असतं, आणि एका दिवसात दोन गावं म्हणजे दोन्ही अर्धी. मला विचाराल तर दोन गावं चालतात, पण दोन्हींत मिळून एकच गोष्ट सावकाश बघायची ठरवली तर. ती कुठली ते बुकिंगच्या वेळीच लेखी कळवायचं आणि तिच्यासाठी काय सोडणार तेही आपणच सांगायचं. नुसतं "वेळ वाढवा" म्हटलं की कोणताही टूरवाला हो म्हणतो आणि त्या दिवशी घड्याळ दाखवतो.

ज्यांच्या घरी वसईचं किंवा गोव्याचं कोणी असेल आणि कुएर्नावाकापर्यंत जायला जमणार नसेल, त्यांनी मेक्सिको सिटीतच सोकालो चौकातल्या मोठ्या कॅथेड्रलमध्ये फेलिपे दे हेसुसचं चॅपेल बघावं. आम्ही दुसऱ्या दिवशी अंकलना तिथे नेलं. त्याच चॅपेलमध्ये स्वतंत्र मेक्सिकोचा पहिला सम्राट इतुर्बिदे याच्या अस्थीही ठेवलेल्या आहेत. तिकीट नाही, गाइड लागत नाही, आणि आत बसायला बाक आहेत, जे आईंनी लगेच हेरले.